‘व्यापक’ म्हणजे नेमके किती?
इंग्रजीतील व्याप्तिदर्शक विशेषणे आणि मराठी शासनव्यवहार

शासकीय परिपत्रकाच्या अखेरीस बहुधा एक वाक्य असते : ‘सदर योजनेस व्यापक प्रसिद्धी देण्यात यावी.’ हे वाक्य मंत्रालयातून जिल्हा परिषदेकडे, तेथून पंचायत समितीकडे आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जसेच्या तसे पोहोचते. वाटेत त्यातील एक अक्षरही कोणी बदलत नाही. ग्रामपंचायत अधिकारी ते वाचतो आणि सूचनाफलकावर कागद लावतो. वरिष्ठ कार्यालयाच्या मनात कदाचित दवंडी असते, वाडीवस्तीवरची सभा असते, शाळेतील मुलांच्या हाती घरोघर पाठवावयाचे पत्रक असते. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात आणि व्यापक प्रसिद्धी दिल्याचा अहवालही मुदतीत रवाना होतो. गावापासून दोन मैलांवरच्या वस्तीला मात्र अर्जाची मुदत संपल्यानंतर योजना कळते.

येथे दोष कोणाचा, हा प्रश्न बाजूस ठेवून त्या विशेषणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘व्यापक प्रसिद्धी’ हे ‘वाइड पब्लिसिटी’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचे भाषांतर होय. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी तेव्हापासून पुष्कळ परिश्रम घेण्यात आले आहेत. तथापि केंद्रीय योजनांच्या मार्गदर्शक सूचना, वित्तसंस्थांचे करार, तांत्रिक अहवाल हे अद्यापही प्रथम इंग्रजीत लिहिले जातात आणि मग मराठीत उतरतात. या उतरण्यात नामांची काळजी घेतली जाते, क्रियापदांचीही बऱ्यापैकी घेतली जाते. विशेषणांना मात्र सावत्रपणाची वागणूक मिळते. ‘वाइड’, ‘वाइडस्प्रेड’, ‘एक्स्टेन्सिव्ह’, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, ‘लार्ज-स्केल’, ‘मॅसिव्ह’, ‘स्वीपिंग’, ‘ब्लँकेट’ असे अनेक निरनिराळे शब्द मराठीत येतात तेव्हा त्यांची वाटणी ‘व्यापक’ आणि ‘मोठ्या प्रमाणावर’ या दोनच शब्दांत होऊन जाते.

वस्तुतः ही विशेषणे एकाच अर्थाच्या लहानमोठ्या छटा नाहीत. प्रत्येक विशेषण एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ‘वाइडस्प्रेड’ हा शब्द ‘किती ठिकाणी’ हे सांगतो. ‘एक्स्टेन्सिव्ह’ हा ‘किती क्षेत्रभर’ हे सांगतो. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे ‘काय वगळलेले नाही’, ‘युनिव्हर्सल’ म्हणजे ‘कोणाला वगळलेले नाही’, आणि ‘ब्लँकेट’ म्हणजे ‘तपासून न निवडता सर्वांना एकदम’. ‘मॅसिव्ह’ केवळ आकारमानाविषयी बोलतो. या सहा प्रश्नांची सहा उत्तरे एकाच शब्दात कोंबली की वाचणारा आपल्या सोयीचा प्रश्न निवडतो.

‘व्यापक’ हा शब्द मुळात असा ढिला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. न्यायशास्त्रात तो अत्यंत काटेकोर आहे. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, या नेहमीच्या उदाहरणात अग्नी हा व्यापक आणि धूर हा व्याप्य. धूर आहे आणि अग्नी नाही असे एकही स्थळ सापडले तर तो संबंधच मोडतो. उलट, तापलेल्या लोहगोलात धुरावाचून अग्नी असतो, आणि त्याला कोणाची हरकत नाही. एकही जागा रिकामी न सोडणारा तो व्यापक, असा त्या शब्दाचा मूळ करार होता. आजच्या टिपणीतील ‘व्यापक’ म्हणजे ‘बराच’ एवढेच उरले आहे.

पाऊस किती ठिकाणी आणि किती

विशेषणाला प्रश्न आणि माप दोन्ही कशी जोडता येतात याचे उत्तम उदाहरण भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दैनंदिन अंदाजात आढळते. तेथे ‘वाइडस्प्रेड’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या लहरीवर सोडलेला नाही. एखाद्या विभागातील ७६ ते १०० टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तो ‘वाइडस्प्रेड’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘फेअरली वाइडस्प्रेड’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘स्कॅटर्ड’, आणि त्याहून कमी असेल तर ‘आयसोलेटेड’. मराठी बातमीपत्रात हेच शब्द ‘बहुतांश ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ आणि ‘तुरळक ठिकाणी’ असे येतात. हे भाषांतर पाहण्याजोगे आहे. इंग्रजीने विशेषण वापरले, मराठीने ‘ठिकाणी’ हा शब्द आणून प्रश्नच उघड करून दाखविला. ‘कोकणात बऱ्याच ठिकाणी पाऊस’ हे वाक्य ऐकताना कोणाही शेतकऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. ‘कोकणात व्यापक पाऊस’ असे लिहिले असते तर तो विचारावा लागला असता.

याच अंदाजात पावसाच्या मात्रेसाठी दुसरी, अगदी स्वतंत्र शब्दमालिका आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘व्हेरी हेवी’, आणि २०४.५ मिलिमीटर व त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार’ आणि ‘बहुतांश ठिकाणी हलका’ या दोन्ही स्थिती सारख्याच सहजतेने सांगता येतात. पहिल्या स्थितीत एखादे गाव वाहून जाते आणि शेजारचे तालुके कोरडे राहतात. दुसरीत संपूर्ण जिल्ह्याची पेरणी साधते. या दोहोंना ‘मोठ्या प्रमाणावर पाऊस’ असे म्हणणे हे खोटे नाही, परंतु निरुपयोगी आहे.

पाऊस पडून गेल्यावर हाच प्रश्न नुकसानीच्या अहवालात पुन्हा उभा राहतो, आणि तेथे त्याला पैशाची किंमत असते. समजा, एका तालुक्यात चाळीस गावांतील ओढ्याकाठची थोडीथोडी शेते खरवडून गेली, आणि दुसऱ्या तालुक्यात तीनच गावे, पण त्यांचे सगळे शिवार पाण्याखाली राहिले. इंग्रजीत पहिले नुकसान ‘वाइडस्प्रेड’ आणि दुसरे ‘एक्स्टेन्सिव्ह’ म्हटले जाईल. मराठी प्राथमिक अहवालात दोन्हीकडून ‘मोठ्या प्रमाणावर नुकसान’ एवढेच येते. पहिल्या तालुक्यास चाळीस गावी फिरणारी पथके हवी असतात, तर दुसऱ्यास माणसे थोडी पण मुक्काम अधिक, शिवाय धान्य आणि चारा तातडीने. जिल्हा कार्यालयाने केवळ शब्दांवर विसंबून निर्णय घेतला तर दोघांना सारखीच मदत जाईल आणि ती दोघांनाही अपुरी पडेल.

पुढे मदतीचे निकष लागतात तेव्हा विशेषणांना स्थानच राहत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ते मदतीस पात्र. ही मर्यादा २०१५ पूर्वी ५० टक्के होती. ‘प्रचंड’, ‘अतोनात’, ‘अपरिमित’ हे शब्द निवेदनात कितीही शोभले तरी पंचनाम्याच्या रकान्यात त्यांना जागा नाही. तेथे गट क्रमांक, क्षेत्र आणि टक्केवारी यांचीच भाषा चालते. सरपंचांनी पहिल्या दिवशीच्या निवेदनात ‘गावातील अमुक इतक्या खातेदारांपैकी अमुक इतक्यांच्या शेतात पाणी’ असे लिहिले, तर ते ‘प्रचंड नुकसान’पेक्षा साधे दिसते, मात्र वरच्या कार्यालयाला त्यावर लगेच काही करता येते.

विस्तृत आणि सघन

‘एक्स्टेन्सिव्ह’ या शब्दाचा जोडीदार ‘इंटेन्सिव्ह’ हा होय, आणि ही जोडी शेतीशास्त्राने मराठीत उत्तम रीतीने आणली आहे. विस्तृत शेती म्हणजे मोठे क्षेत्र, त्यावर श्रम आणि भांडवल थोडे. सघन शेती म्हणजे थोडे क्षेत्र आणि त्यावर अधिक श्रम, खत, पाणी. १९६०–६१ पासून देशात सुरू झालेला सघन कृषी जिल्हा कार्यक्रम याच कल्पनेवर उभा होता : सर्वत्र थोडेथोडे न करता निवडक जिल्ह्यांत एकाग्रतेने करावे. महाराष्ट्रातून त्यासाठी भंडारा जिल्ह्याची निवड झाली होती. ‘विस्तृत’ हा शब्द तेथे प्रशंसेचा नाही आणि निंदेचाही नाही. तो एका पद्धतीचे नाव आहे.

याच धातूतील आणखी एक शब्द पंचायत समितीच्या दारावरच्या पाटीवर रोज दिसतो. विस्तार अधिकारी या पदनामातील ‘विस्तार’ म्हणजे इंग्रजी ‘एक्स्टेन्शन’. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रम आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली, तेव्हा विद्यापीठ वा संशोधन केंद्र यांच्या भिंतीआड असलेले ज्ञान शेताच्या बांधापर्यंत ताणून नेणे, पसरविणे हा त्या शब्दाचा आशय होता. विस्तार अधिकाऱ्याच्या दौऱ्याविषयी इंग्रजीत ‘एक्स्टेन्सिव्ह टूर’ असे लिहितात. त्याचा अर्थ दौरा लांबलचक होता असा नव्हे. पुष्कळ गावे त्यात आली असा. मराठीत ‘विस्तृत दौरा’ म्हटले की कानाला खटकते, याचे कारण मराठीत विस्तृत असते ते माहिती, विवेचन, मैदान. दौरा ‘गावोगावचा’ असतो.

सर्वंकष

सर्व व्याप्तिदर्शक शब्दांत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा सर्वाधिक कसोटी पाहणारा म्हणावा लागेल. शिक्षकवर्गास तो सुपरिचित आहे. २०१० पासून राज्यातील प्राथमिक शाळांत जी मूल्यमापनपद्धती आली तिचे नाव ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह अँड कंटिन्युअस’ मूल्यमापनाची जी अपेक्षा आहे, तिचे हे मराठी रूप. यात दोन विशेषणे आहेत आणि त्यांची कामे भिन्न आहेत. ‘सातत्यपूर्ण’ हे काळाविषयी आहे : परीक्षेच्या दोन दिवसांपुरते नव्हे तर वर्षभर. ‘सर्वंकष’ हे विषयक्षेत्राविषयी आहे : केवळ लेखी उत्तरे नव्हेत तर बोलणे, करणे, वागणे, कला, खेळ हे सारे. अनेक शाळांत या योजनेच्या नोंदवह्या वाढत गेल्या, त्यामागे या दोन विशेषणांची गल्लत होती असे म्हणण्यास जागा आहे. ‘सर्वंकष’ म्हणजे सर्व काही रोज लिहून ठेवणे, असा अर्थ घेतला गेला. मुलाच्या वाढीचे एकही अंग नजरेतून निसटू नये, एवढेच त्या शब्दाचे मागणे होते.

शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणे. सोने घासून पाहावयाचा दगड तो निकष. कस आणि कसोटी हे शब्दही त्याच घराण्यातले. सर्वंकष म्हणजे सर्वांना घासून जाणारा, सर्व ठिकाणी स्पर्श करणारा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायातील एका सूत्राने हा शब्द सिद्ध होतो. माघाच्या शिशुपालवधावर मल्लिनाथाने लिहिलेल्या टीकेचे नाव ‘सर्वंकषा’ असे आहे. त्या टीकेची ख्याती पाहता या नावाचा रोख सहज कळतो : काव्याचे एकही पद न तपासता सोडलेले नाही. मूल्यमापनासाठी याहून समर्पक शब्द मिळणे कठीण. परंतु ज्याचा स्पर्श सर्वत्र पोहोचतो त्याची एक काळी बाजूही असते. एकपक्षीय हुकूमशाहीस राज्यशास्त्रात ‘टोटॅलिटेरियन’ म्हणतात आणि मराठीत तिला ‘सर्वंकष सत्ता’ असेच नाव मिळाले आहे. एकच विशेषण मुलाच्या प्रगतिपुस्तकाला आणि हुकूमशाहीलाही लागावे, यात विनोद आहे खरा. पण तो चुकून झालेला नाही. तपासणाऱ्याच्या हातात दगड कोणता आणि घासणे किती, यावर सारे अवलंबून असते.

‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या शब्दाने प्रत्यक्षात किती फरक पडतो, याचे एक आंतरराष्ट्रीय उदाहरण आहे. १९६३ मध्ये झालेल्या अणुचाचणीबंदी कराराला अंशतः बंदीचा करार म्हणतात. त्याने वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या करण्यास मनाई केली. भूगर्भातील चाचण्या त्यातून सुटल्या आणि त्यानंतर होतच राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर १९९६ मध्ये संमत केलेल्या कराराच्या नावात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हे विशेषण आले ते ही उरलेली वाट बंद करण्यासाठी. भारताने त्यावर सही केली नाही आणि तो करार अद्याप अंमलात आलेला नाही. पण ‘अंशतः’ आणि ‘सर्वंकष’ या दोन विशेषणांमधले अंतर म्हणजे जमिनीखालचे सगळे स्फोट, हे कोणाही अभ्यासकाला दाखवून देता येते.

व्यवहारात मात्र हा शब्द जपून वाचावा. वाहनाचा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विमा घेणाऱ्यास आपल्या सर्व नुकसानीची जबाबदारी कंपनीने उचलली असे वाटते. तेथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरता तो मर्यादित नसून स्वतःच्या वाहनाचाही त्यात समावेश आहे. वैध परवान्यावाचून वा मद्यपान करून वाहन चालविणे, वापराने होणारी झीज, ही सारी कलमे आतल्या पानावर बारीक अक्षरांत वगळलेली असतात. सर्वसमावेशक असे छापले असले तरी समावेश कशाचा, हे यादीच सांगते.

सर्व, प्रत्येक, समग्र

याच संदर्भात ‘सर्वसमावेशक’ या शब्दाविषयी. अकराव्या पंचवार्षिक योजनेने, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, ‘इन्क्लूझिव्ह’ विकासाचा पुरस्कार केला आणि मराठीत ‘सर्वसमावेशक विकास’ हा शब्द रूढ झाला. येथे प्रश्न माणसांचा आहे : विकासातून कोण बाहेर राहिले? ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मध्ये प्रश्न अंगांचा आहे : आराखड्यातून काय बाहेर राहिले? ग्रामपंचायतीचा विकास आराखडा रस्ते, पाणी, आरोग्य, शाळा अशा सर्व बाबी घेऊन सर्वंकष असू शकतो आणि तरीही एखाद्या वस्तीला त्यातून काहीच न मिळाल्यामुळे सर्वसमावेशक नसू शकतो. उलटही घडू शकते. आराखडा मंजूर करताना ग्रामसभेत हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जावेत, यासाठी हे दोन शब्द स्वतंत्र ठेवणे इष्ट आहे.

शिक्षणक्षेत्रात या भेदाचा एक सुंदर पट उलगडतो. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २१-क मध्ये राज्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या ‘ऑल चिल्ड्रन’ना शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. २००९ च्या अधिनियमातील कलम ३ मध्ये मात्र ‘एव्हरी चाइल्ड’ला हक्क दिला आहे. पहिल्यात सर्व बालके एकत्रितपणे राज्याच्या कर्तव्याचा विषय होतात. दुसऱ्यात प्रत्येक बालक एकटे उभे राहून आपला हक्क मागू शकते. शाळेत नाव नसलेल्या एका मुलीसाठी तक्रार करावयाची तर ‘सर्व’ या शब्दापेक्षा ‘प्रत्येक’ हा शब्द अधिक कामाचा. शेकडा अठ्ठ्याण्णव पटनोंदणी झाली म्हणून ‘सर्व’चे समाधान होऊ शकेल, ‘प्रत्येक’चे होत नाही.

योजनांच्या नावांतही हा प्रवास दिसतो. २००१ मध्ये सुरू झाले ते सर्व शिक्षा अभियान. २०१८ मध्ये ते, माध्यमिक शिक्षण अभियान आणि शिक्षकशिक्षणाची योजना ही तिन्ही मिळून समग्र शिक्षा ही योजना झाली. ‘सर्व’ हे मोजण्याजोग्या अनेकांना लागते; ‘समग्र’ हे एकाच वस्तूच्या सर्व भागांना कवेत घेते. पहिले नाव मुलांकडे पाहून ठेवलेले होते. दुसरे पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतच्या शिक्षणाला एक अखंड वस्तू मानून ठेवलेले आहे. विशेषण बदलले तेव्हा योजनेची नजरही बदलली.

‘युनिव्हर्सल’ या शब्दासाठी मराठीत ‘सार्वत्रिक’ स्थिर झाले आहे : सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम, जो १९८५ मध्ये सुरू झाला, किंवा सार्वत्रिक प्रौढ मताधिकार. गंमत अशी की ‘जनरल इलेक्शन’लाही आपण सार्वत्रिक निवडणूकच म्हणतो, आणि तेथे मूळ शब्द निराळा आहे, पोटनिवडणुकीच्या उलट ती, एवढाच त्याचा अर्थ. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये तर ‘युनिव्हर्सल’ हा शब्दच नाही. केवळ प्रौढ मताधिकार असे आहे, आणि प्रौढ कोण हे वयाने ठरते. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते वय २१ वरून १८ केले, तेव्हा ‘सार्वत्रिक’ या शब्दाला हात न लावता त्याची व्याप्ती वाढली. विशेषणाची खरी लांबी नेहमी त्याच्या शेजारच्या अटीत लपलेली असते. मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा ‘युनिव्हर्सल’ म्हणविला गेला, पण त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. त्याऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द यावेत यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. ही सुधारणा झाली नसती तर शीर्षकातले ‘युनिव्हर्सल’ पहिल्याच ओळीत अर्धे झाले असते.

मोठे प्रमाण आणि मोठा नकाशा

‘लार्ज-स्केल’ या शब्दापाशी भल्याभल्यांची चूक होते. उद्योग, उत्पादन, स्थलांतर यांच्याबाबत त्याचा अर्थ मोठ्या प्रमाणावरचा असा सरळ आहे. नकाशाच्या बाबतीत तो उलटा वाटतो. ‘लार्ज-स्केल मॅप’ म्हणजे मोठा प्रदेश दाखविणारा नकाशा नव्हे. थोडा प्रदेश तपशिलाने दाखविणारा. १ : १,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यात बांध, विहीर, घराची ओसरी दाखविता येते. १ : १०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर तेच एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, आणि त्यात अख्खे गाव एका टिंबात जाते. पहिला नकाशा बृहत्प्रमाण, दुसरा लघुप्रमाण. येथे ‘प्रमाण’ म्हणजे अपूर्णांक आहे, आणि एक हजारांश हा दशलक्षांशाहून मोठा असतो, एवढे सांगितले की विद्यार्थ्याचा गोंधळ मिटतो. पाणलोट विकासाच्या कामासाठी ‘मोठ्या प्रमाणाचे नकाशे’ मागविले आणि संपूर्ण जिल्ह्याचा एक भलाथोरला कागद हाती आला, असा प्रसंग टाळावयाचा असेल तर मागणीपत्रात प्रमाणाचा आकडाच लिहावा.

जेथे ‘मोठा’ हा पारिभाषिक शब्द असतो तेथेही आकडा असतो. ज्याचे लागवडीयोग्य लाभक्षेत्र १०,००० हेक्टरहून अधिक तो मोठा पाटबंधारे प्रकल्प, २,००० ते १०,००० हेक्टर तो मध्यम, आणि त्याखालचा लघु. कृषिगणनेत १० हेक्टर व त्याहून अधिक क्षेत्र धारण करणारा तो मोठा खातेदार. धरणाची भिंत पाहणाऱ्याला ‘प्रचंड’ वाटली तरी तो प्रकल्प कागदावर मध्यम असू शकतो, आणि निधी कागदावरच्या शब्दाप्रमाणे येतो.

निव्वळ आकाराच्या विशेषणांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘इमेन्स’ म्हणजे शब्दशः न मोजलेले. मराठीत ‘अमाप’ हा त्याचा सख्खा भाऊ शोभतो. ‘एनॉर्मस’ म्हणजे नियमाबाहेर गेलेले. त्याच शब्दापासून झालेल्या ‘एनॉर्मिटी’चा अर्थ चोखंदळ इंग्रजीत भव्यता असा नसून घोर दुष्कृत्य असा होतो, हे इंग्रजीत अभिनंदनपर भाषण लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. ‘व्हास्ट’ हा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा एक अर्थ ओसाड, रिकामे असा होता. ‘व्हास्ट एक्सपीरियन्स’ असे अर्जात लिहिणाऱ्या उमेदवाराला हे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘मॅसिव्ह’ हे वजनाचे विशेषण. ‘मॅसिव्ह हार्ट अटॅक’ला मराठी माणूस ‘तीव्र झटका’ म्हणतो, आकार सोडून जोर पाहतो, आणि तेच योग्य आहे.

घरचे शब्द

इंग्रजीला नामामागे विशेषण लावण्याची सवय आहे. मराठीचा ओढा बहुधा क्रियाविशेषणाकडे असतो. ‘वाइडस्प्रेड इलिटरसी’चे ‘व्यापक निरक्षरता’ करण्याऐवजी ‘निरक्षरता गावोगाव होती’ असे म्हटले की वाक्य जमिनीवर येते. घरोघर, जागोजागी, ठिकठिकाणी, शेतोशेत ही द्विरुक्त रूपे व्याप्ती दाखवितातच, शिवाय ती एकेका घराच्या, एकेका शेताच्या पातळीवर मोजतात. ‘-भर’ हा प्रत्यय गावभर, तालुकाभर, राज्यभर असा हवा तेवढा ताणता येतो. पंचक्रोशी हा तर अंतर सांगूनच व्याप्ती सांगणारा शब्द. आबालवृद्ध म्हटले की वय, आसेतुहिमाचल म्हटले की देश, आमूलाग्र म्हटले की झाडाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत : प्रत्येक शब्द आपल्या दोन्ही टोकांवर खुंट्या ठोकून उभा आहे. ‘स्वीपिंग चेंजेस’साठी ‘आमूलाग्र बदल’ रूढ झाले ते उचितच. इंग्रजी ‘स्वीपिंग’मध्ये केरसुणी आहे आणि ‘झाडून सारे गाव लोटले’ या मराठी वाक्प्रयोगातही ती आहे. दोन भाषांनी ही कल्पना एकमेकींकडून घेतल्याचे मात्र दिसत नाही.

या सर्व शब्दांत ज्याची गरज ग्रामीण कारभारात सर्वाधिक पडते तो शब्द म्हणजे ‘सरसकट’. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे अर्थ दोन वेगळ्या विशेषणांत राहतात. ‘ब्लँकेट रिलीफ’ म्हणजे शेते न तपासता सर्वांना मदत. जशी एकच घोंगडी सर्वांवर पांघरावी तशी. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह सर्व्हे’ म्हणजे एकही शेत न वगळता तपासणी. पहिल्यात तपासणी नाही, दुसऱ्यात तपासणीच तपासणी आहे. अतिवृष्टीनंतर ग्रामसभेत ‘सरसकट पंचनामे करण्यात यावेत’ असा ठराव होतो तेव्हा उपस्थितांपैकी निम्म्यांना पहिला अर्थ अभिप्रेत असतो आणि निम्म्यांना दुसरा. ठराव एकमताने संमत होतो. मग महसूल, कृषी आणि ग्रामविकास विभागांचे कर्मचारी शेतोशेत हिंडू लागले की काहींना तो विलंब वाटतो, आणि हिंडले नाहीत तर काहींना ती टाळाटाळ वाटते.

असा ठराव लिहिताना ‘सरसकट’ या शब्दापुढे एक ओळ अधिक लिहिल्यास वाद उद्भवत नाही. ‘गावातील प्रत्येक बाधित गटाची प्रत्यक्ष पाहणी व्हावी आणि कोणताही खातेदार वगळला जाऊ नये’ हा एक ठराव. ‘संपूर्ण महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली असल्याने स्वतंत्र पाहणी न करता सर्व खातेदारांस मदत मिळावी’ हा दुसरा. पहिला ठराव गावपातळीवरचे कर्मचारी अंमलात आणू शकतात. दुसऱ्यावर केवळ शासनच निर्णय घेऊ शकते, म्हणून तो वेगळ्या कागदावर, वेगळ्या पत्त्यावर जावयास हवा.